दिवे
एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठल्यावर आमच्या ॲपवर 'मी ठीक आहे' हे बटण दाबायचं, की ऑफिसातल्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवा दिवा लागायचा. "आधी सवय लागू दे, मग वापराचे पैसे लावू," असं मी म्हणायचो. "तोवर आपलं दिवाळं निघेल," असं भागीदार म्हणायचा. शेवटी आजपासून पैसे लावले.

ऊन वर आलं तरी निम्मे दिवे लागलेच नाहीत. मी पडद्यावरची नावं पुन्हा पुन्हा वाचू लागलो.

"घाबरतोस कशाला," चहा ढवळत भागीदार म्हणाला. "फुकट ते पौष्टिक. ज्यांनी पैसे भरले नाहीत, त्यांचं बटण बंद झालंय, एवढंच."

मी दिवा नसलेल्या एका नावावर बोट ठेवलं.

"ही माझी आई. तिला मी पैसे लावलेच नव्हते."