सिमवाला टॅब्लेट

"आणि बोगद्यात?" भास्कररावांनी विचारलं.

"बोगद्यात नेटवर्क कुणाचंच नसतं, काका," सलील म्हणाला. "म्हणून सिनेमे घरीच डाउनलोड करून निघायचं."

भास्कररावांनी ते वहीत लिहून घेतलं. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. लिहिल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. वहीची बावीस पानं भरली होती. दुकानातले टॅब्लेट एकूण सहा होते, त्यांत सिम घालता येणारे तीन.

निजामपुऱ्यातल्या या दुकानात ते पंधरा दिवस रोज अकराला येत होते. पहिल्या दिवशी टॅब्लेटच्या टेबलापाशी निळ्या शर्टात उभ्या असलेल्या सलीलला गाठून त्यांनी विचारलं होतं, "भाई, आ सिमवाळुं छे?" सलीलने "छे" म्हणून सांगितलं आणि तिथून सुरू झालं. तीन दिवस दोघे गुजरातीत बोलले. चौथ्या दिवशी किंमत वाचून भास्करराव "अगं आई गं" म्हणाले, आणि सलीलने चमकून वर बघितलं.

"मराठी?"

"अहो, मग तीन दिवस माझं गुजराती कशाला सहन केलंत?"

"मला वाटलं, तुम्ही गुजराती."

"आणि मला वाटलं, तुम्ही. बडोद्याचं हे असंच. लोक लग्न ठरेपर्यंत पत्ता लागू देत नाहीत."

टॅब्लेट प्रवासासाठी हवा होता. सोमवारी भास्करराव द्वारकेला निघाले होते, बुधवारी सिक्कीमला. शुक्रवारी लेह ठरलं. थंडीत बॅटरी लवकर उतरते असं सलीलने सांगितल्यावर ते उभ्या उभ्या कन्याकुमारीकडे वळले. तिकीट कुठलंच काढलेलं नाही, हे दुसऱ्या आठवड्यात सलीलच्या लक्षात आलं. वाडी भागातल्या घरात ते एकटेच राहत. मुलगी मोहना पुण्याला होती. तिचा फोन रविवारी यायचा, आणि नातीचा नाचाचा क्लास सुटला की संपायचा.

लक्षात आल्याचं सलीलने दाखवलं नाही. त्याला कन्याकुमारी चालत होती. फेब्रुवारीपर्यंत तो गोरव्यात व्हॉल्व्हच्या कारखान्यात होता. तिथल्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे. भाड्याच्या खोलीवर बोलणारा एकटा कुकर, तोही तीन शिट्ट्यांच्या पुढे जात नसे. इथे निदान एसी होता, आणि अकरा वाजले की कुणीतरी समोर येऊन "मग, काय म्हणता?" असं विचारत होतं.

टॅब्लेट घेतला की भास्करराव उद्यापासून येणार नाहीत, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो त्यांची एक शंका सोडवायचा आणि निघताना दुसरी लावून द्यायचा. काल त्याने जीपीएसची लावून दिली होती.

आज मात्र भास्कररावांनी वही मिटली.

"चला. मधला देऊन टाका."

सलीलने मधल्यावर हात ठेवला. "मधला? त्याचा स्पीकर एकाच बाजूला आहे, काका."

"मलाही डाव्या कानानेच ऐकू येतं."

"कॅमेरा तर अगदीच हा आहे."

"मीसुद्धा अगदीच हा आहे. कोण बघतंय?"

"दिवाळीला ऑफर येईल. नक्की येते."

भास्करराव थोडे जवळ सरकले. "हे बघा सलील, आमच्या शेजारच्या पद्माबाईंचा कुणाल अशाच एका दुकानात होता. महिन्याचं टार्गेट झालं नाही, काढला त्याला. मला कुठे जायचंय हो? मला आपलं बोलायचं होतं. पण माझ्या गप्पांपायी तुमची नोकरी जायला नको."

शेजारून मॅनेजर फेरी मारून गेला. सलीलने खिशातून रुमाल काढून मधल्या टॅब्लेटची काच पुसली.

"शिवाय, टॅब्लेटला इतकी नावं ठेवून तो दाखवणारा माणूस मी आजवर बघितला नाही," भास्करराव म्हणाले. "असा माणूस टिकायलाच हवा."

"माझं राहू द्या, काका. तुम्ही नुसते येत जा."

"येईन की. पण आता काय बघायला येऊ?"

सलीलने आजूबाजूला पाहिलं. "कव्हर," तो म्हणाला. "कव्हरं बघायला या."

"किती प्रकारची असतात?"

"पुष्कळ. शिवाय स्क्रीनगार्ड. त्यात साधा आणि मॅट."

भास्कररावांनी वही परत उघडली, नव्या पानावर 'कव्हर' असं लिहून खाली रेघ मारली. मग मधल्या टॅब्लेटचं खोकं घेऊन ते काउंटरकडे निघाले. सलील मागोमाग गेला. खूप दिवसांनी त्याला उद्याची घाई झाली होती.

काउंटरवर कोमल बिलं करत होती. तिने खोक्यावरचा नंबर टाकला आणि विचारलं, "सेल्समननुं नाम?"

"नाव नको, काका," सलील घाईघाईने म्हणाला. "खरंच नको. ते रिकामं सोडलं तरी चालतं."

"गप्प बसा हो. बिलावर नाव लागलं तरच तुम्हाला इन्सेंटिव्ह मिळतो. कुणालने सांगितलंय मला." भास्करराव कोमलकडे वळले. "लखो बेन, सलील."

कोमलने यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मग खालपासून वर.

"आ नामनुं तो कोई नथी."

"असं कसं? आ रह्या ने!" भास्कररावांनी सलीलच्या खांद्यावर हात ठेवला.

कोमलने मान वर करून बघितलं आणि ओळखीचं हसली.

"ए? ए तो कस्टमर छे, काका. चार महिनाथी टॅब्लेट पसंद करे छे."