पहिला रविवार

पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून पार्लमेंटचा हुकूम वाचला. एडिनबरात जमावातल्या ज्यांनी शहर-पहाऱ्याच्या कप्तानाला फासावर लटकवलं त्यांची नावं सांगा. लपवील तोही फासावर जाईल.

"आर्चिबाल्ड, स्तोत्र घे," ते म्हणाले.

आमच्याकडे प्रत्येक ओळ आधी मी एकटा गातो, मग सगळे. आज ओळीऐवजी कबुलीच ओठांवर आली. त्या दोराची गाठ मीच मारली होती.

"गप राहा, मेल्या," पुढच्या बाकावरची म्हातारी एल्स्पेथ पुटपुटली आणि तिनेच ओळ उचलली. माझ्यासाठी न थांबता सगळं चर्च गाऊ लागलं.

सुटलो, असं वाटलं.

मग उमगलं. म्हणजे गाठ कुणी मारली हे सगळ्यांनाच ठाऊक होतं!

आणि हुकूम वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचला जाणार होता.