अर्धा अधिक पाव

अगदी देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! माझी लेक गणिताची शिक्षिका. आजारपणातही तिने ऑनलाइन वर्गाचे धडे, सराव ओळीने लावले. उत्तर चुकलं, की तिचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. ती गेल्यावर मी त्या वर्गात नाव घातलं. अर्धा अधिक पाव किती? मी ठोकून देते, दीड! लगेच लेक म्हणते, "आई, घाई नको, परत बघ." चारशेबारा वेळा चुकले. आज नव्या सरांचा फोन आला, "आजी, उद्या जुने धडे पुसतोय. एवढाच प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र मिळेल!" "डोकंच चालत नाही हो," म्हटलं. जन्मभर दूध मापलं, मला पाऊण कळत नाही होय? पुन्हा दीड लिहिलं, कान लावून बसले. बरं, एक थाप मारली, कबूल. "आई" ती म्हणत नाही. तेवढं मीच म्हणते.