मॅक्रेसाहेबांचा टाय

“सातच्या आत काळा बो-टाय शिवून पाहुण्यांच्या खोलीत पोचला पाहिजे,” कॅप्टनसाहेब म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

रंगनाथ शिंप्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. वेळेची त्याला धास्ती नव्हती. बो शिवायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम. धास्ती निराळीच होती.

पाहुणे म्हणजे मॅक्रेसाहेब; त्र्याहत्तर सालच्या थंडीत ते नगरच्या लष्करी कॅम्पात आले होते. सत्तरी ओलांडलेला स्कॉटिश म्हातारा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच वारलेल्या धाकट्या भावाची कबर बघायला आला होता. कर्नलसाहेबांनी त्याला ऑफिसरांच्या मेसमध्ये रात्री जेवायला बोलावलं. सगळ्यांनी काळा कोट, काळा बो घालायचा, असा हुकूम निघाला. आणि नेमकी म्हाताऱ्याची ट्रंक दौंडला गाडी बदलताना गहाळ झाली. उरला होता अंगावरचा चौकड्यांचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, जाड लोकरी कोट आणि हिरवा लांब टाय.

रंगनाथचे वडील गोऱ्यांच्या किल्टवाल्या पलटणीचे शिंपी होते. चंदेरी गुंड्यांचा आखूड काळा कोट असेल तरच किल्टवर बो. लोकरी कोट म्हणजे दिवसाचा पोशाख, त्यावर लांब टायच. हे त्यांनी पोराला कापड बेतायला शिकवता शिकवता सांगितलं होतं. लोकरी कोटावर बो म्हणजे निव्वळ सोंग. पण मेसचं शिलाईचं दुकान रंगनाथकडे ठेवायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं, आणि ठरवणार होते कॅप्टनसाहेब.

“ते म्हनत्यात तसं करा,” त्याची बायको मुक्ताबाई म्हणाली. “आपल्याला काय करायचंय?”

त्याने मुकाट्याने बो शिवला.

पावणेसातला तो खोलीवर गेला. कॅप्टनसाहेब दारातच उभे होते. म्हाताऱ्याने आरशासमोर बो बांधला. बराच वेळ तो आरशात बघत राहिला. मग वळून आपल्या जुन्या, मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, “दर्जी, सच बोलो. ठीक है?”

रंगनाथने कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच ‘हो म्हण’ असं खुणावलं. हो म्हटलं की सुटला.

“नहीं साहब,” तो म्हणाला. “इस कोट पे नहीं.”

म्हातारा हलकेच हसला. “माझा भाऊ असता तर हेच म्हणाला असता.” त्याने बो सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. “कर्नलला माझा निरोप द्या. त्यांच्या टेबलावर चुकीच्या कपड्यांत बसून मी त्यांचा अपमान करणार नाही. मी इथेच जेवतो.”

बाहेर येताच कॅप्टनसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “मुख्य पाहुण्याची खुर्ची रिकामी! तूच चल आता. तुझ्या तोंडानंच सांग कर्नलसाहेबांना.”

कर्नलसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात निघायच्या तयारीत उभे होते. काळा कोट, काळा बो. रंगनाथने जे घडलं ते सांगितलं, काही लपवलं नाही. बो आपणच शिवला, चूक आहे हे ठाऊक असून शिवला, हेही सांगितलं.

“किती वाजले?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“सात, सर,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

“तुम्ही माझ्याबरोबर आत या. शिंप्याला मेसवर जाऊन थांबायला सांगा.”

दार लागलं.

मेसच्या पायऱ्यांपाशी रंगनाथ उभा राहिला. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. ऑफिसर कोणीच आलं नव्हतं. साडेसात झाले. दुकान गेलंच, हे त्याने मनाशी धरलं. मशीन आपलं आहे, तिसगावला बाजारात बसता येईल. मुक्ताबाईला कसं सांगायचं, तेवढंच सुचत नव्हतं.

मग जीप आली. कर्नलसाहेबांनी स्वतः हात देऊन म्हाताऱ्याला उतरवलं. लोकरी कोट, किल्ट, हिरवा लांब टाय. मागून दोघे-दोघे, चौघे-चौघे करत ऑफिसर येऊ लागले. रंगनाथ मान खाली घालून उभा होता. त्याने वर पाहिलं आणि बघतच राहिला. एकाच्याही अंगावर काळा कोट नव्हता. साधे सूट. कर्नलसाहेबांपासून सगळ्यांच्या गळ्यात लांब टाय.

सगळ्यात शेवटी कॅप्टनसाहेब धावतपळत आले. पायऱ्या चढता चढता थबकले, परत खाली उतरले, रंगनाथसमोर उभे राहिले आणि हनुवटी वर करून म्हणाले, “रंगनाथ, ही गाठ तेवढी नीट करून दे.”