दोन पाट्यांचं शेत

शेतकी कचेरीच्या कानू साहेबांनी दुसरी पाटी ठोकली आणि हात झटकले. डावीकडे ‘सुधारित’, उजवीकडे ‘गावठी’.

ठरलं ते साधं होतं. याटाच्या सखल शेतात दोन्ही भातं शेजारीशेजारी वाढतील. जे जास्त पिकेल, त्याचं बी पुढच्या वर्षी टापूतल्या चाळीस गावांना वाटायचं. हरेल ते चुलीवर चढेल.

सुधारित बी साहेबांनी आणलेलं, गावठी बी याटाचं. अकरा वर्षांपूर्वी कापणीत, सुरीने एकेक लोंबी खुडताना, तिला तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. तिने त्या पोटात न घालता निराळ्या पेरल्या. मग दरवर्षी तुंबल्या पाण्यात जे रोप तगेल, त्याचंच बी धरलं. मोठी चिकाटीची बाई. दोनदा टोपली घेऊन कचेरीतही गेली. बाईच्या हातचं बिननावाचं बी तिथे कुणी हुंगलंसुद्धा नाही.

साहेब माणूस वाईट नव्हते. पेरणीला थांबतो म्हणाले, पण मुखियाच्या घरी भात आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण वाढून ठेवलेलं. पाहुण्याने ताट नाकारणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. साहेब जेवायला गेले, याटा पेरायला.

त्या साली शेत दोनदा बुडालं. कापणी झाली, मोजमाप झालं. सुधारित नऊ टोपल्या, गावठी साडेपाच.

“वहिनी, अकरा वर्षं पाण्यात गेली तुझी,” तिचा दीर म्हणाला.

साहेबांनीच तिची समजूत घातली, मेहनत तर तुमचीच म्हणाले. नऊच्या नऊ टोपल्या बियाणं म्हणून गाडीत चढल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती मान ताठ करून रस्त्यावर उभी राहिली.

घरी येऊन तिने हरलेलं भात उखळात ओतलं आणि गुणगुणत कांडू लागली. सून न्यांदेला राहवेना.

“आई, आज गाणं कसलं सुचतंय?”

“चाळीस गावांत माझं भात उगवणार. गाऊ नको?”

“तुमचं तर हे उखळात आहे.”

“हे साहेबांचं,” मुसळ उचलत याटा म्हणाली. “पाट्या त्यांनी लावल्या. पेरलं मी.”