झाकणावरचा मुलगा

"काका, पेटीवर 'मुलांसाठी' लिहिलंय. त्यात मुली येतात का हो?"

विचारून दाखव, एक वडापाव माझ्याकडून, असं मागच्या बाकावरची शकु म्हणाली होती. नाव सुलक्षणा असलं म्हणून काय, सुलक्षणा उठली आणि विचारून मोकळी झाली. दहावी ब खिदळली.

मरोळला विज्ञानपेट्या बनवणारे चंद्रप्रकाशशेठ नव्या झाकणावर पोरांचं मत घ्यायला शाळेत आले होते. शेजारी लवू पेंटर, रंगाच्या बाटल्या उघडून तयार.

"येतात की गं!" शेठ हसले. "मुलं म्हटलं की सगळीच आली."

"मग गेल्या वर्षी तुमच्या स्पर्धेत पहिली मी आले, आणि पेटी दुसऱ्या आलेल्या धर्माला कशी? मला क्रोशाच्या सुया दिल्यात. म्हणालात, वाच ना बाळ, मुलांसाठी आहे."

वर्षभर गिळलेलं बाहेर पडलं, तसं सुलक्षणाला भारी वाटलं.

"बरं बाई. लवू, 'मुलामुलींसाठी' कर."

लवूने उरलेल्या फटीत बारीक अक्षरांत 'मुली' कोंबल्या.

"ही मुंगी कुणाची?" सुलक्षणा पुढे येऊन झाकणावर वाकली.

"चित्रात मुलगी घालू," शेठ घाईने म्हणाले. "हा मुलगा दिवा जोडतोय, ती बाजूला टाळ्या वाजवतेय."

"टाळ्या मी वाजवल्यात धर्मासाठी. पुरे. मुलगी नको, मुलगाही पुसा, नुसते हात ठेवा."

लवूने झाकणावरच्या गोऱ्यागोमट्या मुलाच्या तोंडावर पांढरा रंग फासला. सुलक्षणा डोळे भरून बघत राहिली.

"बांगडी नको हां!" मागून शकु.

"घड्याळ पण नको," धर्मा पुटपुटला.

"आणि खाली लिहा, दहा ते पंधरा वर्षांसाठी. बस. अजून एक, काका. दोन्ही तारा सेलच्या एकाच टोकाला दाखवल्यात. तुमच्या त्या मुलाचा दिवा जन्मात लागला नसता."

लवू फिस्सकन हसला. शेठनी कपाळ पुसलं आणि टेबलावरची एक पेटी तिच्यापुढे सरकवली. "घे तुझी पेटी. झालं समाधान?"

हात पुढे गेलाच होता. तिने तो मागे घेतला.

"नको काका. मला गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली."

संध्याकाळी सुलक्षणाचा बाप सहदेव घरी आला तो चप्पल काढता काढताच सुरू झाला. शेठच्याच गल्लीत तो लेथ मशीनवर कामाला होता. बातमी तिथे दुपारीच पोचली होती.

"फुकटची पेटी परत केलीस? एवढ्या मोठ्या माणसाची वर्गात वाट लावलीस?"

"मी म्हणते, घ्यायची ना गं," तिसऱ्यांचे शिंपले फोडताना सुगंधा म्हणाली. "मग तुझा राग गेला असता."

"म्हणूनच नाही घेतली, आई." सुलक्षणा दोघांच्या मधोमध उभी राहिली. "आता दोघंही ऐका. दहावी झाली की मी पॉलिटेक्निकला जाणार, इलेक्ट्रिकलला. आणि बाबा, शेठच्या कारखान्यासमोरचा गाळा कधी रिकामा होतोय, तेवढं लक्ष ठेवा."