वर्तक बाईंची तनया

“तुझ्या हातात कला आहे, तनया,” मोघे सर म्हणाले. ते धादांत खोटं होतं.

तनयाने काढलेली बाटली पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, कारण ती पट्टीनेच आखली होती. शेजारचं लिंबू कंपासने काढलं होतं. सावली कुठे द्यायची ते कळेना म्हणून तिने दिलीच नव्हती, त्यामुळे दोन्ही वस्तू टेबलाच्या वर कुठेतरी तरंगत होत्या. आठवीच्या त्या वर्गातली निम्मी पोरं याहून बरं काढत. पण ती पोरं वर्तक बाईंची लाडकी नव्हती.

तनया होती. गणिताच्या वर्तक बाईंनी तिला पाचवीपासून हाताखाली घेतलं होतं. दहावीची गणितं ती आत्ताच मजेत सोडवायची. सदाशिव पेठेतल्या त्या शाळेत बाई कुणाचं कौतुक करत नसत, पण तनयाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. सरांनी ते बरोबर हेरलं होतं.

सरांचा बाईंवर डूख होता, आणि तो काही आजकालचा नव्हता. पोर्शन मागे पडला की बाई चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या. “सर, आजचा तास घेऊ ना?” असं त्या विचारेपर्यंत पोरांनी रंगपेट्या मिटून गणिताच्या वह्या काढलेल्याही असायच्या. सर हो म्हणायचे. नाही म्हणायची सोयच नव्हती. चित्रकला म्हणजे दहावीला चार वाढीव गुण मिळवायचा विषय, असं मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

तेही सरांनी गिळलं असतं. पण मागच्या वर्षी त्यांनी अख्ख्या फळ्यावर रंगीत खडूंनी भाजी मंडई काढली. मधल्या सुट्टीत डबा न खाता काढली. बाई आल्या, “तुमचं झालं ना?” म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी डस्टर फिरवलं.

“अहो, चित्र काय, परत काढता येतं,” बाई म्हणाल्या. पोरं खो खो हसली. या बाईचं असं काहीतरी पुसायचं की ते परत काढता येणार नाही, हे सरांनी तिथेच ठरवलं.

संधी शाळेनेच आणून दिली. नववीपासून मुलांना दोहोंतलं एक निवडायचं होतं: चित्रकलेचा वर्ग, नाहीतर गणिताची खास तुकडी. ऑलिंपियाडची सगळी तयारी त्या तुकडीत होणार होती. ती तुकडी बाईंनी भांडून मिळवली होती, आणि कुणासाठी, ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

एवढ्या हुशार मुलीला फितवणं इतकं सोपं असेल असं सरांना वाटलं नव्हतं. गणितात तिला शाबासकी मिळतच नसे. पैकीच्या पैकी गुण हे गृहीत होतं, एक गेला तर बाई जाब विचारत. सर मात्र रोज तिच्या बाकापाशी थांबत, मान डोलवत, “वा!” म्हणत. तिचं ते तरंगणारं लिंबू त्यांनी चौकट करून शिक्षकांच्या खोलीबाहेर टांगलं, बाईंना येता-जाता दिसेल असं. एक-दोन पोरं हसली, तर त्यांना वर्गाबाहेर काढलं. तनया मधल्या सुट्टीतही कागद घेऊन बसू लागली. एप्रिलमध्ये तिने चित्रकला निवडली, आणि त्या दिवशी सरांना जेवण फार गोड लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिचे वडील सर्जेराव तिला घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले.

“बाई, तुमीच सांगा हिला,” ते वर्तक बाईंना म्हणाले. “पोरगी गणितात हुशार हाय म्हणून रोज कात्रजवरनं हितं आणून सोडतो. आन् ही म्हणती, चित्रं काढणार. सर म्हणत्यात, हिच्या हातात कला हाय.”

सर खुर्चीत सावरून बसले. आता बाई चिडणार, रडकुंडीला येणार, कदाचित आपल्यासमोर हातही जोडणार. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला तो सरांनी मन भरून पाहिला. तनया वडिलांच्या मागे उभी होती, आणि ती फक्त सरांकडे बघत होती.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“सर्जेराव, माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे,” त्या म्हणाल्या. “पण यात मला विचारून उपयोग नाही. मला साधं मांजर काढता येत नाही.” मग त्या सरांकडे वळल्या. “सर, यातलं इथे फक्त तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा. खरंच आहे का हिच्या हातात कला? असेल तर मी तिला अडवणार नाही.”

नोकरीला लागल्यापासून सरांना असं कुणी काही विचारलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर पोरगी वाचली असती. पण मग ते लिंबू भिंतीवर कसं गेलं, हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही वर्तक बाईंच्या तोंडावर. ते त्यांच्याने होईना.

“आहे,” सर म्हणाले.

तनयाचा चेहरा फुलला. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला हलकेच सरांच्या बाजूला सरकवलं आणि त्या सर्जेरावांना म्हणाल्या, “सर म्हणतायत म्हणजे आहे.”